बदामची पंजी

हवालदारांच्या टेबलाच्या खणात पत्त्यांची एक छोटी थप्पी असते. सगळी पानं बदामची. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, छक्की, सत्ती. मधली पंजी नाही. पानं इतकी हाताळलेली आहेत की त्यांच्या कडा कापडासारख्या मऊ झाल्या आहेत, आणि सत्तीच्या एका कोपऱ्यावर चहाच्या पेल्याचा अर्धा गोल उमटला आहे.

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत हवालदार ही सहा पानं पिसतात, एक ओढतात आणि त्याप्रमाणे फिरायला निघतात. एक्का आला तर बागेकडून, दुर्री आली तर वाचनालयावरून, सत्ती आली तर थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. वय त्र्याहत्तर. या रस्त्यांवर धोका कसला, फार फार तर एखाद्या सायकलचा.

"बाबा," सून म्हणते, "तुमच्या मागावर आता मधुमेहाशिवाय कुणी नाही."

"म्हणून तर," बुटांची नाडी बांधत हवालदार म्हणतात, "मी कुठून येणार ते त्याला कळता कामा नये."

सून नवी होती तेव्हा तिने एकदा चांगल्या मनाने दुसऱ्या कॅटमधली बदामची पंजी काढून या थप्पीत घातली होती. हवालदारांनी ती त्याच दिवशी परत केली. म्हणाले, "आमची हरवलेली नाही. दिलेली आहे."

ही गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा हवालदार पोलिसात नव्हते, पण नाव मागे लागलं होतं ते लागलंच. अठरा वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची सहा कोर्टातल्या साक्षीदारांना सांभाळण्यात. साक्षीदाराला घरातून उचलायचं, कोर्टात उभं करायचं आणि जसाच्या तसा घरी पोचवायचा. सहा वर्षांत एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. मग एका चोराच्या मागे गोदामाच्या भिंतीवरून उडी मारली, आणि चोर पळाला तो पळाला, उजवा गुडघा मात्र तिथेच राहिला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'मैदानी कामास अयोग्य.' त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं गेलं. तिथे ते पाच महिने बसले. सहाव्या महिन्यात राजीनामा दिला. बायकोला म्हणाले, "फायलींना कुणी पळवून नेत नाही गं."

त्या साक्षीदारांमध्ये एक कारखानदार होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. गोदामं जाळणाऱ्या एका टोळीविरुद्ध त्यांनी साक्ष द्यायचं ठरवलं होतं. खटला अजून दोन-तीन वर्षं तरी चालणार होता. एक दिवस त्यांच्या घरी पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, फोटो होता. शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारी त्यांची एकुलती एक मुलगी, चौदा वर्षांची. आई लहानपणीच गेलेली. साहेबांनी त्याच आठवड्यात ठरवलं, मुलीला परदेशी शाळेत घालायचं. घर सांभाळायला तिची आत्या जाईल, आणि मुलीला सांभाळायला हवालदार.

"गुडघा कसा आहे?" साहेबांनी विचारलं होतं.

"ठणठणीत," हवालदार म्हणाले, आणि विचारलं नसतानाही साहेबांसमोर दहा उठाबशा काढून दाखवल्या. मग बाहेर येऊन गॅरेजच्या मागे भिंतीला टेकून पंधरा मिनिटं उभे राहिले. जन्मात सांगितलेल्या खोट्यांची यादी केली तर ती फार लांब होणार नाही. पण त्या यादीतलं हे पहिलं.

परदेशातलं ते शहर उतारावर वसलेलं होतं. त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली चित्रांना चौकटी करून देणाऱ्याचं दुकान. जिन्यात कायम सरसाचा आणि ताज्या लाकडाचा वास यायचा. जाळीचं दार ओढायची लिफ्ट होती, तीही दर सोमवारी रुसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या औषधाच्या दुकानावरचा मोठा थर्मामीटर दिसायचा, माणसाच्या उंचीचा, लाल रेघेचा. शाळा मात्र वर, टेकडीच्या माथ्यावर.

मुलीची शाळा सुरू होण्याआधी हवालदार चार दिवस खिशात पेन्सिल घालून एकटेच भटकले. घर ते शाळा असे सात रस्ते त्यांनी काढले. प्रत्येकावर किती दारं, किती दिवे, फोन कुठे, पोलीस कुठे उभा असतो, हे सगळं टिपलं. पाचवा रस्ता म्हणजे इमारतीच्या मागून निघणारा दगडी पायऱ्यांचा. दोनशे बारा पायऱ्या. एकशे चाळिसाव्या पायरीवर एक चौथरा, तिथून खालचं अर्धं शहर दिसायचं. गाडी जाऊ शकत नाही, दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये कठडा. कामाच्या दृष्टीने सातांपैकी सगळ्यांत चांगला रस्ता. हवालदारांनी त्या दिवशी तो दोनदा चढून पाहिला आणि रात्री गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले.

मग त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला. ही युक्ती त्यांच्या जुन्या जमादारांची. जमादार म्हणायचे, "आपण मनाने निवडलेला रस्ता चोराच्याही मनात येतो. पानाला मन नसतं." बदामचं एक पान एकेका रस्त्याला. रोज सकाळी पिसायचं, एक ओढायचं, येईल त्या रस्त्याने जायचं. कुरकुर नाही, बदल नाही.

मुलीला घरात सगळे बेबीताई म्हणत. तिला ते नाव अजिबात आवडत नसे.

"काका, मी पंधराची होणार आहे. बेबी काय?"

"मग काय म्हणू?"

"काहीही. नुसतं नाव घ्या."

"साहेबांनी बेबीताईंना सांभाळायला पाठवलंय. त्या कुठे गेल्या असं साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

ती पाय आपटत पुढे निघे आणि हवालदार तिच्या मागे दोन पावलं, डाव्या हाताला. हा त्यांचा नियम होता. दुसरा नियम, माणसाचा चेहरा नाही, बूट बघायचे. कोट रोज बदलता येतो, टोपी बदलता येते, बूट बदलायला माणूस कंटाळा करतो. तिसरा नियम, हात मोकळे. हातात छत्री नाही, वर्तमानपत्र नाही, पिशवी नाही. यावरून बेबीताईंचा रोजचा वाद.

"एवढे मोठे हात घेऊन मागून येता आणि दप्तर मी उचलते! लोक काय म्हणत असतील?"

"म्हणत असतील, कसा आळशी बाप आहे."

"माझे बाबा असे नाहीत हं!"

"मग म्हणत असतील, कसा आळशी काका आहे."

आत्याबाई हातमोजे चढवून दारापर्यंत यायच्या आणि रोज तेच सांगायच्या, "हवालदार, लक्ष असू द्या." जणू हवालदार चुकून एखाद्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या मुलीला घेऊन आले असते. स्वतः आत्याबाई मात्र दोनदा बाजारात चुकल्या. दोन्ही वेळा त्यांना शोधायला हवालदारच गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी जाहीर केलं की चुकले ते हवालदार.

पहिलं वर्ष बरं गेलं. हिवाळा सौम्य होता. दर रविवारी हवालदार घरी पत्र लिहायचे. अकरा वर्षांच्या मुलाला चौकटवाल्याच्या करवतीची चित्रं काढून पाठवायचे. बायकोला सगळं लिहायचे, गुडघ्याचंही. तिला खोटं लिहून उपयोग नव्हता, तिने तो गुडघा सुजलेला शेकला होता. तिने लोकरीचा जाड गुडघापट्टा विणून पाठवला आणि सोबत चिठ्ठी, 'गुडघ्याला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, खोटं बोलणाऱ्या माणसाच्या संगतीत फार दिवस राहू नकोस.'

दुसरा हिवाळा मात्र कडक आला. ऑक्टोबरच्या मध्यालाच थर्मामीटरची लाल रेघ शून्याखाली गेली. त्या सकाळी हवालदार स्वयंपाकघरात उभे राहिले, पानं पिसली, एक ओढलं. पंजी. गुडघा आतून असा धरला होता जसं गंजलेलं बिजागर. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत येतानाच डोळ्यांपुढे तारे चमकले होते. हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात सगळे झोपलेले. त्यांनी पंजी परत थप्पीत घातली, पुन्हा पिसलं आणि पुन्हा ओढलं. दुर्री आली. दुर्री म्हणजे ट्राम. एकही चढ चढायला नको, थांबा कोपऱ्यावर, उतरलं की समोर शाळेचं फाटक.

एक दिवस, असं ते स्वतःला म्हणाले. पण लबाडीचं लहान मुलासारखं असतं, एकदा कडेवर घेतलं की रोज हात वर करतं. पुढच्या गारठ्यात पंजी परत गेली. मग चव्वी, कारण तिच्यात रेल्वेचा पूल होता. मग सत्ती, तिच्यात चढाची गल्ली. जानेवारी उजाडला तोवर असं झालं की, रेघ शून्याखाली असली की हवालदार दुर्री येईपर्यंत पानं ओढत राहायचे. पानाला मन नसतं खरं. पण पान ओढणाऱ्याला गुडघा होता.

त्यांना वाटत होतं, हे कुणाला ठाऊक नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी बेबीताई न उठवता उठली. गणवेश घालून, वेणी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी. हवालदारांच्या हातात पानं होती.

"मी सांगू आज काय येणार?" ती म्हणाली. "दुर्री."

"पत्ते आहेत ते. कुणाला सांगता येतं?"

"मला येतं." तिने गणिताची वही उलटी धरली आणि शेवटचं पान उघडलं. तिथे दोन रांगा होत्या. एकीत तारीख आणि खिडकीतल्या थर्मामीटरचा आकडा, दुसरीत त्या दिवशीचा रस्ता. जिथे जिथे आकड्यामागे वजाची खूण होती तिथे पुढे ट्राम लिहिलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थोड्या ओळी सोडल्या तर सलग. तिने बोटाने मोजून दाखवलं. "तेरा वेळा, काका. मैत्रिणीशी पैज लावून तीन खोडरबर जिंकलेत मी."

हवालदारांना थंडीतही कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. "मैत्रिणीला सांगितलंत?"

"फक्त तिला. आणि हेही की आमच्या काकांचा गुडघा दुखतो म्हणून." मग तिचा आवाज उतरला. "मी चिडवत नाहीये. चला ना, ट्रामनंच जाऊ. आज उणे अकरा आहे."

ती असं प्रेमाने बोलली नसती तर कदाचित हवालदार ट्रामने गेलेही असते. पण त्या प्रेमानेच जिव्हारी लागलं. अठरा वर्षांच्या नोकरीत कागदावर कुणी 'अयोग्य' लिहिलं होतं तेवढं पुरे होतं, आता एका शाळकरी मुलीने वहीत लिहावं?

"माझा गुडघा ठणठणीत आहे," ते म्हणाले. साहेबांपुढे वापरलेलाच शब्द. हातातली पानं न बघता टेबलावर टाकली. "आज पायऱ्यांनी."

शंभर पायऱ्या रागाच्या जोरावर गेल्या. पुढच्या वीस कठड्याच्या जोरावर. बेबीताई दप्तर पाठीवर घेऊन एकेक पायरी मुद्दाम हळू चढत होती, आणि ती मुद्दाम हळू चढते आहे हे हवालदारांना कळत होतं. दगडावर दव गोठलं होतं. एकशे चाळिसाव्या पायरीवर, चौथऱ्याच्या कडेला, गुडघा अडकला. हवालदार कठड्याला धरून हळूहळू खाली बसले, जसं एखादं मोठं कपाट उतरवताना दोन हमाल बसवतात तसे. फक्त हमाल इथे कुणी नव्हते.

"काका?"

"काही नाही. नाडी सुटली."

"तुमच्या बुटाला नाडी नाहीये आज. ते बर्फाचे बूट आहेत."

त्यांनी मान वर केली ती तिच्याकडे बघायला, पण नजर तिच्या पलीकडे गेली. सवय. चौथऱ्यावरून छपरांच्या मधून ट्रामचा थांबा दिसत होता. थांब्याला लागून एक करडी व्हॅन उभी होती. तिथे गाडी उभी करायला मनाई होती, हवालदारांनी पहिल्याच आठवड्यात ते टिपलं होतं. व्हॅनचं मागचं दार अर्धवट उघडं. बाहेर दोन माणसं. ट्राम आली, घंटा वाजली, माणसं चढली-उतरली. ते दोघे ट्रामकडे बघतच नव्हते. त्यांची तोंडं होती हवालदारांच्या इमारतीच्या गल्लीकडे. एकाने घड्याळ पाहिलं. ट्राम गेली. दोघे तसेच उभे.

सात वाजून बेचाळीस मिनिटांची ट्राम. गारठ्याच्या दिवशी हवालदार आणि बेबीताईंची ठरलेली ट्राम.

या शहरात आल्यापासून पहिल्यांदा हवालदारांना धोका समोर दिसत होता आणि ते पायरीवर बसलेले होते.

"पळ," ते म्हणाले. "वर पळत जा. शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत मागे बघू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला अरेतुरे केलं होतं. तिच्या ते लक्षात आलं. ती हलली नाही.

"तुम्ही?"

"मी बघतो. पळ म्हणतो ना!"

"तुम्हीच शिकवलंत, एकटीने चार पावलंही जायचं नाही म्हणून," ती म्हणाली. तिने खाली व्हॅनकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि त्यांच्या काखेत आपला खांदा घातला. "उठा. बहात्तर राहिल्यात."

बहात्तर. तिनेही मोजल्या होत्या. हवालदारांचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा कठड्यावर, पाठीवरचं दप्तर मध्ये. हात मोकळे ठेवायचा नियम त्या दिवशी मोडला तो असा. दर दहा पायऱ्यांनी ती मोठ्याने आकडा म्हणायची, आणि त्या आकड्याच्या आधाराने ते पुढच्या दहा चढायचे. वर पोचले तेव्हा शाळेची घंटा झाली नव्हती.

मुख्याध्यापिकेच्या खोलीतून फोन गेला. वीस मिनिटांत पोलिसांनी ती व्हॅन नदीच्या पुलाजवळ अडवली. आत एक घोंगडी होती, दोरी होती, आणि बेबीताईंचा पाठमोरा फोटो, मागे दोन पावलांवर हवालदारांची डावी बाही. एका माणसाच्या बुटांना पिवळ्या नाड्या होत्या. ते बूट हवालदारांनी या महिन्यात ट्रामच्या थांब्यावर दोनदा पाहिले होते, आणि रोजच्या प्रवाशाचे समजून सोडून दिले होते. त्याच माणसाच्या खिशात एक छोटी वही सापडली. पोलिसातला जुना माणूस म्हणून हवालदारांना ती बघू दिली. तारखा, आकडे, आणि पुढे ट्राम, ट्राम, ट्राम. अकरा ओळी. बेबीताईंच्या वहीत दोन जास्त होत्या.

दुपारपर्यंत हवालदार त्या घरातले देव झाले होते. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने सूप केलं आणि ते सांडेपर्यंत वाडगा भरला. चौकटवाला वर येऊन हात हातात घेऊन गेला. साहेबांचा फोन आला तो रडवेल्या आवाजात.

"उणे अकरात पायऱ्यांनी नेलंत! ते तुमच्याच डोक्यात येऊ शकतं, हवालदार. तिचं शिक्षण होईपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही."

हवालदारांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बेबीताईंनी त्यांच्या हातातला फोन घेतला. "बाबा, काकांनी नेहमीसारखं पान ओढलं. पंजी आली. म्हणून आम्ही पायऱ्यांनी गेलो." एवढं सांगून तिने फोन परत दिला आणि त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून चार दिवस बेबीताईंना घरीच ठेवलं. दारावर तिथलाच पोलीस होता. हवालदार स्वयंपाकघरात बसून राहायचे. समोर सात पानं उलटी मांडलेली. समोरच्या थर्मामीटरची रेघ वरखाली व्हायची. मनात हिशेब एकच. गप्प राहिलो तर मी इथे राहीन, या मुलीच्या मागे दोन पावलं. गुडघ्याला काय, एप्रिलमध्ये बरं वाटेल. पण पुढच्या ऑक्टोबरात रेघ खाली जाईल, आणि एका वही ठेवणाऱ्या माणसाला पकडलं म्हणून जगातल्या वह्या संपल्या नाहीत.

आणि सांगितलं तर पुन्हा तोच शब्द. अयोग्य. या खेपेला कागदावर नव्हे, साहेबांच्या तोंडून.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन लावला. आधी उठाबशांचं सांगितलं, मग पानं परत घालायचं, मग बुटांचं, मग चौथऱ्यावर बसल्याचं. काही राखून ठेवलं नाही.

"हे मला कधीच कळलं नसतं," साहेब म्हणाले.

"होय साहेब."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही मला मुलगी सांभाळायला दिली होती. गेल्या गुरुवारी तिने मला सांभाळलं. असं चालत नाही."

साहेबांनी 'अयोग्य' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "दुसरं माणूस कसं हवं, ते तुम्ही सांगा." हवालदारांनी अर्धा तास सांगितलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं.

बेबीताई मात्र भडकली. दार आपटलं, मग उघडून पुन्हा आपटलं.

"मी कुणालाही सांगितलं नसतं! कधीच!"

"माहीत आहे. म्हणून तर मला सांगावं लागलं."

"मग मी बाबांशी खोटं बोलले ते फुकट गेलं?"

"खोटं फुकटच जायला पाहिजे," हवालदार म्हणाले. "माझं फुकट गेलं नाही, तिथेच सगळं बिघडलं."

बारा दिवसांनी नव्या बाई आल्या. तिशीच्या, आखूड केसांच्या, पावलं मांजरीसारखी. हवालदारांनी त्यांना सात रस्ते चालून दाखवले, म्हणजे सहा चालून आणि पाचवा खालून हात करून. बाई तो धावत चढल्या आणि धावत उतरल्या. धाप लागली नव्हती. हवालदारांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकाच जागी.

निघायच्या दिवशी सकाळी ते सवयीने स्वयंपाकघरात आले तर बेबीताई आधीच तिथे. पानं तिच्या हातात.

"आज मी ओढणार."

"ते कामाचं असतं, बेबीताई."

"तुमचं काम काल संपलं, काका." तिने सातही पानं सरळ करून पंख्यासारखी धरली, नीट बघितली आणि त्यातली पंजी उचलली. "ही आली."

"ही शुद्ध लबाडी झाली."

"तुमच्याकडूनच शिकले."

बाहेर रेघ शून्याखाली तीन होती. इमारतीच्या मागे पायऱ्यांच्या तोंडाशी हवालदार थांबले. नव्या बाई मागे दोन पावलं, डाव्या हाताला, हात मोकळे. हवालदारांनी आपला हात पुढे केला.

"आणा ते दप्तर."

बेबीताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पट्टे खांद्यावरून काढले आणि दप्तर त्यांच्या हातात दिलं.

दोनशे बारा पायऱ्यांना त्या दिवशी पाऊण तास लागला. बायकोचा लोकरी पट्टा गुडघ्यावर होता आणि तिची चिठ्ठी खिशात. एकशे चाळिसाव्या पायरीवर ती थांबली आणि या खेपेला त्यांनी 'चला, थांबायचं नाही' म्हटलं नाही. खाली ट्राम वळत होती. चौकटवाला फळ्या काढत होता. छपरांवरून धूर सरळ वर जात होता. पावणेदोन वर्षांत हवालदारांनी या चौथऱ्यावरून कितीतरी वेळा खाली पाहिलं होतं, पण ते गाड्या बघायला, बूट बघायला, उघडी दारं बघायला.

"इथून आपली खिडकी दिसते की," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून दिसते," ती म्हणाली.

फाटकापाशी त्यांनी दप्तर परत केलं. खांदा चोळला. "काय दगड भरलेत यात?"

"पावणेदोन वर्षं रोज वाहतेय. आज विचारताय?"

तिने दप्तरातून गणिताची वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि बदामची पंजी त्यात ठेवून वही मिटली.

"अहो, ते सातांतलं पान आहे, गठ्ठा मोडेल."

"मोडू दे. तुमच्याकडे राहिली तर तुम्ही ती पुन्हा परत घालाल."

घंटा झाली. ती आत गेली. नव्या बाईंनी फाटकाच्या आतली जागा घेतली, अगदी जिथे सांगितलं होतं तिथे. हवालदार थोडा वेळ उभे राहिले आणि मग एकटेच पायऱ्या उतरायला लागले. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं. एकेक पायरी, तिरकं होऊन, आकडा मनात म्हणत. दोन्ही हात मोकळे होते. कठडा धरायला बरे पडले.